पुरुभाऊंची पारख

पुरुभाऊ हटवारांच्या तेरवीला मंडपात पाच जण बोलले आणि पाचही जणांनी त्यांच्या जिभेचे गोडवे गायले. असा पारखी पुन्हा होणे नाही, असं एक जण म्हणाला तेव्हा मागच्या रांगेतून कोणीतरी हुंदकाही दिला. आमच्या साकोलीत मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलत नाहीत. ती हौस जिवंतपणीच बसस्टँडवर भागवून घेतात. मी सत्तावीस वर्षं त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहिले, पण मला कोणी बोलायला उभं केलं नाही हे बरं झालं. मला हा माणूस एक दिवसही आवडला नव्हता.

पंगतीत भात वाढत होता त्यांचा मुलगा मयूर. आमच्याकडच्या वासाच्या चिन्नोर तांदळाचा भात होता, पातेल्याचं झाकण निघाल्याबरोबर मंडपभर वास सुटला. शेजारची बाई म्हणाली, "गजब वास आहे वो. कुठचा असन?" कुठल्या पोत्यातला आहे ते मला माहीत होतं, आणि म्हणूनच माझा घास खाली उतरेना.

पुरुभाऊ तांदळाचे व्यापारी. शहरात जाणाऱ्या मोठ्या रस्त्यावर त्यांचं दुकान, आणि दुकानासमोर लाकडी बाक. धान घेऊन येणारा शेतकरी असो की तांदूळ विकायला आलेली बाई, आधी त्या बाकावर बसायचं. पुरुभाऊ वर्तमानपत्र वाचत राहायचे. समोरच्याला बऱ्यापैकी घाम फुटला की चष्मा काढायचे आणि उजवा हात पुढे करायचे. त्या हातावर मूठभर नमुना ठेवायचा. मग ते दाणे दोन्ही तळव्यांत चोळायचे, त्यांच्यावर तोंडाची वाफ सोडायचे, डोळे मिटून नाकाशी न्यायचे आणि शेवटी एक दाणा पुढच्या दातांत धरून तोडायचे. 'कट' असा बारीक आवाज यायचा. तो आवाज आला की बाकावरचा माणूस उभा राहायचा.

माल पसंत पडला तर मुठीतले दाणे ते बुशशर्टच्या खिशात टाकायचे. नापसंत असला तर बोलायचे नाहीत. मूठ उजव्या खांद्यावरून मागे फेकायचे आणि वर्तमानपत्र पुन्हा उचलायचे. मागे भिंतीशी कोंबड्या टपूनच असायच्या. एकदा फेकलेला नमुना पुन्हा हातात घ्यायचा नाही, हा त्यांचा नियम. कोणी कितीही विनवणी केली, "भाऊ, पोत्यातला खालचा पाहा," म्हटलं, तरी उपयोग नसे. एक म्हातारी खालच्या गावाहून डोक्यावर गाठोडं घेऊन चालत आली होती आणि तिची मूठ त्यांनी अशीच मागे भिरकावली, ते मी भाजी घेताना पाहिलं. म्हातारीनं खाली वाकून कोंबड्यांच्या पायांतले दाणे वेचले. पुरुभाऊंनी पान उलटलं. त्या दिवसापासून मी त्यांच्या दुकानातून तांदूळ घेणं बंद केलं आणि हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

तांदळाची पारख त्यांना होती, हे मान्य करते. कोणत्या तळ्याच्या पाण्यावरचा धान, कापणीनंतर किती दिवस बांधीत, म्हणजे शेतातच, पडला, हे ते एका दाण्यावरून सांगत आणि चुकत नसत. पण देव एखाद्याला एक गोष्ट देतो आणि तो माणूस उरलेल्या नव्याण्णव गोष्टी आपल्याला दिल्यासारखा वागतो, तशातली गत. चहा, आंबा, वांगं, डॉक्टरचं औषध, सुनेची निवड, माझं मराठी, सगळ्यांवर पुरुभाऊंचा निकाल तयार. निकालाच्या पायऱ्या तीनच. सर्वात खालची, खांद्यावरून मागे. मधली, "जनावरं खातीन." आणि सर्वात वरची, जिच्यावर कोणी कधी गेलं नाही ती, "ठीक आहे. चालते."

माझ्या मुलीच्या लग्नात ते पहिल्या पंगतीला बसले. शीत बोटात चोळलं, नाकाशी नेलं, अख्खी पंगत घास हातात धरून थांबली. मग म्हणाले, "ठीक आहे. चालते." आमचे हे तीन दिवस हवेत होते. "पुरुभाऊ चालते म्हणाले," असं पाहुण्यांना सांगत फिरत होते. मुलगी सासरी गेल्याचं दुःखसुद्धा त्यांना चौथ्या दिवशी झालं. मी तेव्हा म्हटलं होतं, लग्न आपण लावलं, पोरगी आपली, अन् पास करायला हा कोण लागून गेला? यांनी मला गप्प बसवलं.

घरातही तेच. सुमनवहिनींनी चाळीस वर्षं त्या माणसाला दोन वेळचं रांधून घातलं. भिंत पातळ होती, मला रोज ऐकू यायचं. "भाजी कशी झाली?" "ठीक आहे. चालते." वहिनी कपडे धुताना खिसे उलटे करून तांदूळ काढायच्या, वाटीत साठवायच्या आणि म्हणायच्या, "पाह्यलं का मॅडम, याईले काय काय पसंत पडलं आठवडाभरात! मी काही खिशात जात नाही, मीच तेवढी राहिली." हसून म्हणायच्या. मी हसत नसे.

मयूर माझा विद्यार्थी. नववीत असताना शाळेच्या आनंदमेळाव्यात त्यानं गोळाभाताचं दुकान लावलं होतं. डाळीचे गोळे, मोकळा भात, वरून हिंगाच्या फोडणीचं तेल, सगळं स्वतः केलेलं. एवढा चांगला गोळाभात मी माझ्या सासूच्या हातचाही खाल्ला नव्हता, आणि माझ्या सासूच्या हाताला मोठी चव होती. पुरुभाऊ आले. द्रोण हातात घेतला, दोन शितं चोळली आणि खांद्यावरून मागे टाकली. मागे हेडमास्तर उभे होते, त्यांच्या कोटावर पडली. लोक हसले. मयूर मान खाली घालून पुढच्याला वाढत राहिला. मी त्याच्याकडून तीन द्रोण घेऊन खाल्ले, पण मुलाला शिक्षिकेची भूक नको असते.

पुढे तो दुकानात बसला नाही. हॉटेलचं शिकला, पुण्यात राबला, कुठल्या तरी जहाजावरही रांधून आला आणि दोन मित्रांबरोबर नागपुरात खाण्याची एक जागा काढली. टापास म्हणतात त्याला. म्हणजे स्पेन देशात लोक पोटभर जेवायला बसत नाहीत, एवढ्या एवढ्या बशांतून चाखत बसतात, ते. बातमी ऐकली तेव्हा पुरुभाऊ बाकावरच्या लोकांना म्हणाले, "चाखाले पोरगं नागपूरले कायले गेलं? मी इथी फुकट चाखतो."

मार्चमध्ये मयूरचा मला फोन आला. नवीन जेवण बसवलं होतं, नऊ बशांचं, सगळं आपल्या भंडाऱ्याकडच्या जिनसांचं. शनिवार-रविवार आईबाबांना बोलावलं होतं आणि मीही यावं असं त्याचं म्हणणं होतं.

"मी कायले रे? मला नऊ बशांत काय कळणार?"

"मॅडम, तुम्ही असल्या तर बाबा उठून जाणार नाहीत." मग म्हणाला, "मले त्यायच्या तोंडून एकदा ऐकायचं आहे. 'चालते' सोडून काहीही. वाईट आहे म्हटलं तरी चालन, पण खाऊन म्हणावं."

तेहतीस वर्षांचा बाप्या, पण आवाज नववीतलाच होता. आमच्या यांचा गुडघा दुखत होता, त्यामुळे मी एकटीच गेले. गाडी पुरुभाऊ चालवत होते, मागे आम्ही दोघी. नागपूर येईपर्यंत लाखनीचा चहा, भंडाऱ्याचे भजे आणि जवाहरनगरच्या वळणावरचे पेरू असे तीन निकाल लागले. तिन्हीही खालच्या पायरीचे.

शनिवारचा दिवस शहर दाखवण्यात गेला. मयूरनं हौसेनं मेट्रोत बसवलं. पुरुभाऊ म्हणाले, "रस्ता खाली असून वर कायले चढाचं?" तर्री-पोहे खाल्ले. "तिखट आहे, चव कुठी आहे?" संत्र्याची बर्फी घेतली. तुकडा तोंडात धरला आणि दुकानदाराच्या देखत रुमालात काढला. वहिनी दर वेळी माझ्याकडे बघून डोळे मिटायच्या. मयूर दर वेळी हसायचा, पण संध्याकाळपर्यंत ते हसू पार दमून गेलं होतं.

रविवारी दुपारी त्याच्या जागेत गेलो. आता खरं सांगते, पुरुभाऊंना नावं ठेवणारी मी, पण तिथे पहिला अर्धा तास आमचं दोघांचं चांगलं जमलं. काळ्या भिंती, दिवे एवढे अंधुक की समोरच्याचं तोंड दिसावं म्हणून मोबाइल लावावा. आजूबाजूला लोक बशीतलं खाण्याऐवजी बशीचे फोटो काढत होते. पहिली आली ती काचेची नळी. तिच्यात अंबाडीच्या फुलांचं सरबत आणि वरून धूर. पुरुभाऊ म्हणाले, "विझवून आणा." दुसरी बशी परातीएवढी मोठी आणि तिच्या मधोमध लाखोळीच्या डाळीचा वडा, रुपयाच्या नाण्याएवढा. "बाकीचा कोणी खाल्ला?" त्यांनी विचारलं आणि मी पदर तोंडाला लावला. तिसऱ्या वेळी लाकडाच्या ओंडक्यावर कपडे वाळत घालायच्या चिमट्यात अडकवलेला पापड आला. चौथ्या बशीत खाण्याजोगी माती होती. माती! आमच्या जिल्ह्यात ज्याला पोटाला मिळत नाही त्यालाही माती खायची वेळ येऊ नये म्हणून लोक देवाला हात जोडतात, आणि इथे माणसं आठवडाभर आधी सांगून ती खायला येत होती.

मयूर स्वतः एकेक बशी आणून ठेवत होता आणि प्रत्येकीची गोष्ट सांगत होता. "स्पेनमध्ये असं थोडं थोडं खातात, बाबा."

"उपाशी देश दिसते," पुरुभाऊ म्हणाले.

पण खात होते. म्हणजे चाखत होते. नळी, वडा, पापड, माती, मोहाच्या फुलांचं काहीतरी थरथरणारं, सगळ्याला एकच वाक्य, "ठीक आहे. चालते." पाचव्या बशीनंतर मयूर त्यांच्याकडे बघायचा थांबला. आत जाताना माझ्या खुर्चीजवळ हळूच म्हणाला, "मॅडम, आता जी येणार, तीच खरी." मी हसणं तिथेच बंद केलं. करायला हवं होतं त्याच्या बरंच आधी, पण केलं.

ती सहावी बशी. बशी नव्हेच, लाकडी काठवट, आणि तिच्यात कच्च्या तांदळाचा बोटभर थर. थरावर तीन गोळे, लिंबाएवढे, वरून तांबूस तळलेले. मयूरनं औषधाच्या ड्रॉपरनं प्रत्येकावर दोन थेंब फोडणीचं तेल सोडलं. हिंगाचा वास आला आणि मला एकदम शाळेचं मैदान आठवलं. गोळाभात होता तो. भात बाहेर, डाळीचा गोळा आत, एवढंच उलटंपालटं केलेलं.

मयूर सरळ उभा राहिला. हात मागे बांधले. "बाबा, हा आपल्या साकोलीचा चिन्नोर," म्हणाला.

चिन्नोर हा शब्द ऐकल्याबरोबर पुरुभाऊंनी चष्मा काढला. त्यांचा हात पुढे गेला तो गोळ्याकडे नाही. बोटांनी गोळे बाजूला सारले, खालच्या थरातली मूठ भरली आणि दोन्ही तळव्यांत चोळायला सुरुवात केली. मग वाफ सोडली, डोळे मिटले, नाकाशी नेली. शेजारच्या टेबलावरचे लोक फोटो काढायचे थांबले. 'कट'.

"हा चिन्नोर नाही," पुरुभाऊ मोठ्यानं म्हणाले. "साधा बाजाराचा आहे, अन् वरून पॉलिश मारलेला. कोनं फसवलं तुले? तांदळाच्या व्यापाऱ्याचं पोरगं ना तू?"

आणि मूठ खांद्यावरून मागे गेली. मागच्या टेबलावर एका बाईच्या सरबतात दाणे पडले.

मयूरचा चेहरा पांढरा पडला. "बाबा, खालचा फक्त ठेवाले आहे. सजावटीचा. खायचं वर आहे. वर चिन्नोर आहे, बाबा. एक घास घ्या."

"तांदूळ कच्चाच पारखते माणूस. शिजवल्यावर सगळेच गोड."

"एक घास."

"फेकलेला नमुना मी पुन्हा हातात घेत नाही. तुले माहीत आहे." त्यांनी चष्मा लावला.

मी माझा गोळा उचलून तोंडात टाकला. काय सांगू! नळ्या आणि चिमटे आणि मातीचा सगळा तमाशा त्या एका घासात विसरायला झाला. भात मऊ, शीत न् शीत वेगळं, आत डाळीचा तिखटपणा, आणि नाकात तो वास, धान निसवलं की आमच्या बांध्यांवरून येतो तो. मला उभं राहून सांगायचं होतं की हे खा, गाढवा, तुझ्या पोरानं काय केलंय ते खा. पण तोंडात घास होता, आणि घास संपेपर्यंत मयूर बापाचा गोळा असलेली काठवट उचलून आत गेला होता. सातवी, आठवी, नववी बशी दुसऱ्याच कोणीतरी आणून ठेवली.

आम्ही परत निघालो. मौदा मागे पडलं, जवाहरनगरचा फाटा गेला. भंडारा आल्यावर वहिनी एकदम म्हणाल्या, "गोळ्यातला तांदूळ आपल्या घरचा होता."

पुरुभाऊ गाडी चालवत राहिले.

"मीच पाठवला होता. दर महिन्याले पाठवते. तुमच्या खास वेगळ्या ठेवलेल्या पोत्यातला. तुमच्याच हातचा पसंत केलेला, आयकून राहिले का? तुमाले फक्त तोंड उघडायचं होतं."

वैनगंगेच्या पुलावर गाडी आली. पलीकडे कारध्याचे दिवे नुकते लागायला लागले होते. पूल पुरता संपला तेव्हा पुरुभाऊ म्हणाले, "मंग खाली दुसरा काहून ठेवला?"

त्या एका वाक्यावर मी त्यांना उरलेल्या जन्मासाठी सोडून दिलं. पोराचं तोंड पांढरं पडलेलं ह्यानं पाहिलं, आणि याला प्रश्न पडला तो सजावटीच्या तांदळाचा! घरी आल्यावर मी यांना सगळं सांगितलं आणि शेवटी म्हटलं, हा माणूस पोत्यात जन्मला आणि पोत्यातच जाणार. हे म्हणाले, जाऊ दे. ह्यांचं नेहमीचंच.

मयूरनं ती बशी जेवणातून काढून टाकली, असं वहिनींकडून कळलं. आठ बशाच राहिल्या. आईशी तो बोलायचा, बाबांनी फोन मागितला की कापायचा. पुरुभाऊंनी फोन मागितला, हीच मुळात बातमी होती.

मग एप्रिलमध्ये मी एक नवल पाहिलं. पुरुभाऊ सकाळी दुकानात न जाता घराच्या ओसरीवर सूप घेऊन बसलेले. सुपात चिन्नोर. ज्या माणसानं जन्मात घरचे तांदूळ निवडले नाहीत, तो एकेक तुकडा, एकेक काळा दाणा नखानं वेचून बाजूला काढत होता. मधूनच एखादा दाणा दातात धरायचा. 'कट'. मान हलवायची. पुन्हा वेचायचं. असं आठ दिवस चाललं. बाकावरची माणसं दुकानासमोर ताटकळत बसली आणि उठून गेली. मी कपडे वाळत घालताना बघायची आणि मनात म्हणायची, आता बघा नाटक.

एक पोतं भरलं. पुरुभाऊंनी ते सकाळच्या नागपूरच्या बसनं पाठवलं, ड्रायव्हरच्या ओळखीनं. सोबत चिठ्ठी नाही, निरोप नाही. मी वहिनींना विचारलं, "काहीतरी लिहायचं ना दोन ओळी?" वहिनी म्हणाल्या, "ते म्हणते, तांदूळ पाह्यला की पोराले समजन."

पोराला समजलं की नाही कोण जाणे. पोतं संध्याकाळच्या बसनं परत आलं. सुतळीची गाठही सोडलेली नव्हती. आईला त्यानं फोनवर एवढंच सांगितलं होतं, "मले आता तांदूळ लागत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फाटकाशी दूधवाल्याची वाट बघत उभी होते. पुरुभाऊंच्या ओसरीवर ते पोतं, तोंड उघडलेलं, आणि शेजारी सुतळी व दाभण. ते पोत्यात हात घालून उभे होते. मला बघितलं, मूठ भरली आणि कुंपणाशी आले. बनियनवर होते. त्यांना बुशशर्टाशिवाय मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"मॅडम, जरा पाहा बरं."

"काय पाहू?"

"तांदूळ. काही खोट आहे का याच्यात?" त्यांनी मूठ माझ्या हातावर रिकामी केली. "माहं आताशा काही खरं नाही. मले चांगला वाटून राहिला. पण तुम्ही सांगा."

सत्तावीस वर्षांत त्या माणसानं मला, किंवा कोणालाही, काही विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. तांदूळ सुरेख होता. दाणा न् दाणा सारखा, एकही तुटका नाही, आणि हातावर येताच वास चढला. मी चोळला नाही, तोडला नाही, त्याची गरजच नव्हती. माझ्या मनात हेडमास्तरांचा कोट आला, रुमालातली बर्फी आली, कोंबड्यांच्या पायांतून दाणे वेचणारी ती म्हातारी आली. सुमनवहिनींची चाळीस वर्षं आली. मी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "ठीक आहे. चालते."

त्यांनी रिकामा तळवा बनियनला पुसला. मग म्हणाले, "चालते म्हणता?"

"चालते."

मला तेव्हा फार बरं वाटलं, हे कबूल करते. सबंध साकोलीच्या वतीनं एक फिट्टंफाट केल्यासारखं वाटलं. चौथ्या दिवशी पहाटे पुरुभाऊ झोपेतच गेले आणि ते बरं वाटणं त्यांच्याबरोबरच गेलं. 'छान आहे हो पुरुभाऊ,' एवढंच म्हणायचं होतं. या माणसाला जन्मभर ते जमलं नाही म्हणून मी त्याला नावं ठेवली, आणि माझी पाळी आली तेव्हा मलाही जमलं नाही. मयूरनं त्याच पोत्यातून तेरवीचा भात केला. पंगतीत माझ्यापाशी थांबून विचारलंही, "मॅडम, भात कसा झाला?" मी म्हणाले, फार छान झाला रे, फार छान. दोनदा म्हणाले. त्याचा आता कोणाला काय उपयोग होता?

पण मला आठवतं ते कुंपणावरचंच. 'चालते' म्हणून झाल्यावर पुरुभाऊ पोत्याकडे परत गेले, पण दाभण हातात घेतलं नाही. मूठ माझ्या हातात तशीच होती, आणि तिचं मी काय करते ते त्यांना बघायचं होतं. खांद्यावरून मागे, की खिशात. साडीला खिसा नसतो. मी मूठ मिटली आणि घरात शिरले. दार लावता लावता वळून पाहिलं, तर ते पोत्यापाशी उभे होते आणि मान थोडी लांब करून अजून माझ्या मुठीकडेच बघत होते.